एक्सएफसीई टाकलं, तरी लॅपटॉप चार दिवसांत पुन्हा जड का होतो?

ही तक्रार जवळजवळ ठरलेल्या शब्दांत येते. जुन्या लॅपटॉपवर उबुंटू हे लिनक्स टाकलं, ते रडतखडत चालत होतं. कुणीतरी सुचवलं म्हणून एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप (पडद्यावरच्या खिडक्या, पट्टी, मेनू सांभाळणारा भाग) टाकला. चार दिवस लॅपटॉप छान चालला आणि मग पुन्हा तेच सुरू झालं: माऊसचा बाण अडखळतो, ब्राउझर राखाडी पडतो, हार्डडिस्कचा दिवा विझायचं नाव घेत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला. टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नाही किंवा प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाही, म्हणून विंडोज ११ न घेणारे कितीतरी लॅपटॉप तेव्हापासून लिनक्सवर येत आहेत, त्यामुळे हा प्रश्न आता जास्तच ऐकू येतो. अशा लॅपटॉपवर कुणाचा तरी अभ्यास, कुणाची तरी नोकरीची शोधाशोध चालू असते. म्हणून हे नीट सविस्तर लिहितो आहे.

मुद्दा असा, की डेस्कटॉप बदलण्यात दोन कामं असतात. नवा आणायचा, आणि जुन्याच्या मागे राहिलेल्या गोष्टी बंद करायच्या. पहिलं सगळे करतात, दुसरं राहून जातं.

खाली मी धरून चाललोय तो लॅपटॉप असा: ४ जीबी रॅम, दोन कोअरचा इंटेल प्रोसेसर, फिरती हार्डडिस्क, आणि त्यावर उबुंटू २२.०४ किंवा २४.०४. डेबियन किंवा लिनक्स मिंट असेल तरी बहुतेक गोष्टी लागू पडतील, फरक आहे तिथे सांगेन. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या लहान रोमन अक्षरांतच टाईप करायच्या.

आधी दुखणं नेमकं कुठे आहे ते बघा

डेस्कटॉप बदलून सुटणारी अडचण एकच: रॅम कमी पडणं. डिस्क हळू असेल किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर चालत नसेल, तर एक्सएफसीईने थोडा दिलासा मिळेल, पण मूळ दुखणं तिथेच राहील. ही तपासणी पाच मिनिटांची आहे, टाळू नका.

लॅपटॉप अडखळत असतानाच टर्मिनल उघडून 'फ्री -एच' ही कमांड द्या. ४ जीबी रॅम असूनही एकूण आकडा ३.७ किंवा ३.८ असा दिसेल. काही भाग ग्राफिक्ससाठी राखून ठेवलेला असतो, त्यात बिघाड काही नाही. 'फ्री' या रकान्यातला छोटा आकडा बघून घाबरू नका. रिकामी रॅम लिनक्स फाईलींच्या कॅशसाठी वापरतं आणि गरज पडली की लगेच सोडून देतं. बघायचा रकाना शेवटचा, 'अव्हेलेबल'. तो काहीशे एमबीवर आला असेल आणि खालच्या ओळीत स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) भरलेलं दिसत असेल, तर रॅमच कमी पडते आहे.

मग 'व्हीएमस्टॅट १' ही कमांड चालवा. दर सेकंदाला आकड्यांची एक ओळ येत राहील. पहिली ओळ सोडून द्या, ती लॅपटॉप सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. 'एसआय' आणि 'एसओ' या रकान्यांत सतत मोठे आकडे येत असतील, तर रॅममधला मजकूर डिस्कवर टाकणं आणि परत आणणं अखंड चालू आहे. फिरत्या डिस्कवर लॅपटॉप गोठल्यासारखा वाटतो तो याचमुळे. हे दोन्ही रकाने शून्य असतील आणि तरी 'डब्ल्यूए'मध्ये मोठा आकडा असेल, तर दोष डिस्कचा आहे. रॅम पुरेशी आहे, प्रोसेसर नुसता डिस्कची वाट बघत बसला आहे.

तिसरी तपासणी बरेच जण करतच नाहीत. सेटिंग्जमध्ये 'अबाउट' पानावर ग्राफिक्ससमोर काय लिहिलंय ते वाचा. तिथे इंटेल किंवा एएमडीचं नाव हवं. 'एलएलव्हीएमपाईप' लिहिलं असेल, तर ग्राफिक्स चिप काहीच करत नाही, पडद्यावरचं सगळं चित्र प्रोसेसर काढतो आहे. इन्स्टॉल करताना काळी स्क्रीन आली म्हणून कुणीतरी 'नोमोडसेट' हा पर्याय दिलेला असतो आणि तो ग्रबच्या (लॅपटॉप चालू होताना लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगमध्ये तसाच राहतो, हे याचं नेहमीचं कारण. तो काढून, 'सुडो अपडेट-ग्रब' करून लॅपटॉप पुन्हा सुरू केला, की उबुंटूचा मूळ डेस्कटॉप ग्नोमसुद्धा बऱ्यापैकी चालू लागतो. अशा वेळी डेस्कटॉप बदलायची गरजच उरत नाही.

कोणता डेस्कटॉप घ्यावा

यावर वाद घालण्यात वेळ घालवू नये असं माझं मत आहे. ४ जीबी असेल तर एक्सएफसीई. हा प्रकल्प १९९६ साली ऑलिव्हिए फुर्दां यांनी सुरू केला, तो सावकाश आणि स्थिरपणे पुढे जातो, आणि सगळी सेटिंग माऊसने करता येतात. २ जीबी असेल तर एलएक्सक्यूटी, जो लुबुंटूमध्ये २०१८च्या १८.१० आवृत्तीपासून येतो. ग्नोम २ची सवय असलेल्यांना माटे आवडेल, तोही चांगला आहे, पण रॅमच्या हिशेबात एक्सएफसीईपेक्षा फार वेगळा नाही.

अपेक्षा मात्र वास्तव ठेवा. काहीही न उघडता ग्नोम साधारण एक ते दीड जीबी घेतो, एक्सएफसीई त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे अर्धा-पाऊण जीबी सुटतो. ४ जीबीत हा फरक चांगलाच जाणवतो. पण ब्राउझरच्या जड टॅब एवढी रॅम सहज खाऊन टाकतात, त्याकडे पुढे येऊ.

टाकताना

उबुंटूवर दोन पॅकेजं आहेत. 'झुबुंटू-डेस्कटॉप' घेतलं तर झुबुंटूचा पूर्ण संच येतो: थीम, फॉन्ट, सोबतचे प्रोग्रॅम, सगळं. नुसतं 'एक्सएफसीई४' घेतलं तर मोजका डेस्कटॉप येतो. डिस्कवर जागा असेल आणि हे तुम्ही दुसऱ्या कुणाला वापरायला देणार असाल तर पहिलं घ्या, बारीकसारीक गोष्टी जुळवत बसावं लागत नाही. स्वतःसाठी असेल तर दुसरं, पण सोबत 'एक्सएफसीई४-गुडीज'ही टाका.

इन्स्टॉल चालू असताना मध्येच निळ्या पडद्यावर प्रश्न येऊ शकतो: लॉगिनसाठी 'जीडीएम३' की 'लाईटडीएम'? इथे लोक गोंधळून नुसतं एंटर दाबतात आणि जीडीएम३ राहून जातो. लाईटडीएम निवडा. जीडीएमचा लॉगिन पडदा स्वतःच ग्नोम शेलवर उभा असतो, म्हणजे एक्सएफसीईत शिरण्यासाठी आधी ग्नोमचा जड भाग डिस्कवरून वाचावा लागतो. प्रश्न दिसलाच नाही किंवा उत्तर चुकलं, तर 'सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर लाईटडीएम' ही कमांड तोच प्रश्न पुन्हा विचारते. नुसतं 'एक्सएफसीई४' टाकलं असेल तर लाईटडीएम आणि त्याचं 'लाईटडीएम-जीटीके-ग्रीटर' हे पॅकेज वेगळं घ्यावं लागू शकतं.

चार दिवसांनी पुन्हा जड का होतो

आता मुख्य दुखण्याकडे. याची कारणं एकापेक्षा जास्त असतात आणि बहुतेक वेळा दोन-तीन एकत्र सापडतात.

सगळ्यात आधी खात्री करा की तुम्ही खरंच एक्सएफसीईत आहात. लॉगिन पडद्यावर कोणतं सेशन, म्हणजे कोणता डेस्कटॉप, सुरू करायचं ते निवडता येतं. जीडीएममध्ये नावावर क्लिक केल्यावर खाली कोपऱ्यात दातेरी चाकाचं चिन्ह येतं, लाईटडीएममध्ये बहुधा वरच्या पट्टीत छोटं चिन्ह असतं. आपोआप लॉगिन चालू असेल तर हा पडदा दिसतच नाही, आणि जुनंच सेशन उघडत राहतं. घरात दुसऱ्या कुणाचं खातं असेल, तर त्या खात्याची निवड वेगळी असते. तुमचं एक्सएफसीई झालं म्हणून धाकट्या भावाचंही झालं असं होत नाही. आपोआप लॉगिन एकदा बंद करा, प्रत्येक खात्यातून एक्सएफसीई निवडून आत जा, मग हवं तर परत चालू करा.

दुसरं कारण एक्सएफसीईचं स्वतःचं आहे, आणि माझ्या मते 'चार दिवस बरं, मग पुन्हा जड' या तक्रारीमागे सगळ्यात जास्त वेळा तेच असतं. लॉगआउटच्या खिडकीत खाली एक चौकट असते: पुढच्या वेळेसाठी सेशन जपून ठेवा. तिच्यात एकदा टिक लागली की बंद करताना जे जे उघडं होतं ते सगळं पुढच्या वेळी आपोआप उघडतं. फाईल मॅनेजरच्या तीन खिडक्या, पीडीएफ, टेक्स्ट एडिटर, ब्राउझर, सगळं एकाच वेळी डिस्कवर तुटून पडतं. रोज त्यात भर पडत जाते. उपाय सोपा आहे. सेटिंग्जमध्ये 'सेशन अँड स्टार्टअप' उघडा, 'जनरल'मध्ये लॉगआउटच्या वेळी सेशन आपोआप जपण्याची टिक काढा, आणि 'सेव्ह्ड सेशन्स' टॅबमध्ये जाऊन जपलेली सेशन्स पुसून टाका. लॉगिन केल्यावर पॅनलच (मेनू-चिन्हांची पट्टी) गायब असतो, नुसता रिकामा पडदा येतो, ही तक्रारही बहुतेकदा याच जपलेल्या सेशनमुळे असते आणि याच उपायाने जाते.

त्याच खिडकीत 'अॅप्लिकेशन ऑटोस्टार्ट' नावाचा टॅब आहे. इथे ग्नोमच्या मागे राहिलेल्या गोष्टी दिसतात. यातला ट्रॅकर महत्त्वाचा. तो तुमच्या फाईली वाचून शोधासाठी सूची बनवतो. ग्नोमच्या ताज्या आवृत्त्यांत त्याचं नाव लोकलसर्च झालं आहे. त्याची स्टार्टअप फाईल एक्सएफसीईतही त्याला चालू करते, पण एक्सएफसीईतल्या शोधाला त्याचा काही उपयोग नसतो. पेनड्राइव्हवरून फोटोंचं मोठं फोल्डर कॉपी केलं, की हा सूची बनवायला बसतो आणि फिरती डिस्क तासभर गुंतून राहते. त्याची टिक काढा. इव्होल्युशन या मेल-प्रोग्रॅमचं कॅलेंडर-अलार्म वापरत नसाल तर तेही काढा. प्रिंटर नसेल तर प्रिंट-रांगेचं चिन्ह, ब्लूटूथ वापरत नसाल तर ब्लूमन. पण पॉलिसीकिट (पासवर्ड विचारून परवानगी देणारा भाग), एक्सएफसीईचं पॉवर मॅनेजर आणि नेटवर्कचं चिन्ह यांना हात लावू नका.

मग खिडक्यांच्या सावल्या आणि पारदर्शकता. सेटिंग्जमधल्या 'विंडो मॅनेजर ट्वीक्स'मध्ये शेवटचा टॅब 'कंपोझिटर'. जुन्या ग्राफिक्स चिपवर तो बंद केल्याने खिडक्या हलवणं चपळ होतं. व्हिडिओ बघताना चित्र आडवं फाटल्यासारखं दिसू लागलं, तर मात्र तो परत चालू करा.

आणि फायरफॉक्स. उबुंटूमध्ये २२.०४पासून तो स्नॅप म्हणून येतो. म्हणजे प्रोग्रॅम एका दाबून भरलेल्या फाईलमध्ये असतो आणि उघडताना त्यातून वाचला जातो. एसएसडीवर हे फार कळत नाही, पण फिरत्या डिस्कवर लॅपटॉप सुरू केल्यानंतरचा पहिला फायरफॉक्स उघडायला ताटकळत बसावं लागतं. लोक त्याचा दोष डेस्कटॉपला देतात. मोझिला स्वतःच्या रेपॉझिटरीतून डेब, म्हणजे नेहमीच्या पद्धतीचं पॅकेज देतं, ते घ्या. लिनक्स मिंटमध्ये ते आधीपासूनच डेब असतं. एक्सएफसीईच हवं आहे आणि नव्याने सगळं टाकायची तयारी आहे, तर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती मला उबुंटूपेक्षा सोयीची वाटते, त्याचं हे एक कारण.

बदलल्यावर येणारे छोटे त्रास

टचपॅडवर बोट टेकवून क्लिक होत नाही: 'माऊस अँड टचपॅड'मध्ये टचपॅडच्या टॅबवर तशी टिक असते, ती लावा.

झाकण बंद करून उघडल्यावर काळी स्क्रीन येते, आणि हे विशेषतः डेबियनवर होतं. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ७ एकत्र दाबून बघा. पडदा परत आला तर दोष लाईट-लॉकर या पडदा लॉक करणाऱ्या प्रोग्रॅमचा आहे. तो काढून 'एक्सएफसीई४-स्क्रीनसेव्हर' टाका.

मराठी टाईप करणं बंद पडतं, आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण यामुळे कितीतरी जण निमूटपणे ग्नोमवर परत जातात. ग्नोम आयबसला (वेगवेगळ्या भाषा टाईप करू देणाऱ्या प्रोग्रॅमला) स्वतःच सांभाळतो, भाषा सेटिंग्जमध्ये जोडली की झालं. एक्सएफसीईत तसं नाही. तुम्ही इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड लेआउट वापरत असाल तर आयबस लागतच नाही. 'कीबोर्ड' सेटिंगमध्ये 'लेआउट' टॅबवर सिस्टीमची सेटिंग वापरण्याची टिक काढा, भारतीय लेआउट जोडा, आणि बदलण्यासाठी कळ ठरवा. मागे एकही जादा प्रोग्रॅम चालत नाही, त्यामुळे कमी रॅमसाठी हाच मार्ग मी सुचवेन. शिफ्ट धरून एन दाबलं की ळ आणि शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ मिळतो, म्हणजे 'दुसऱ्या'पासून 'वेगळ्या'पर्यंत सगळं लिहिता येतं. ध्वनीनुसार टाईप करायची सवय असलेल्यांनी त्याच यादीत मराठीचा कागपा फोनेटिक लेआउटही बघावा.

रोमन स्पेलिंग टाईप करून मराठी उमटवायची सवय मोडवत नसेल, तर आयबस आणि त्याचं एम१७एन पॅकेज टाका, 'आयएम-कॉन्फिग' चालवून आयबस निवडा, लॉगआउट करून परत या, आणि आयबसच्या प्रेफरन्सेसमध्ये मराठी जोडा. तरी पट्टीत चिन्ह आलं नाही, तर ऑटोस्टार्टच्या यादीत 'आयबस-डेमन -डीआरएक्स' अशी नोंद स्वतः घाला. अक्षरांच्या जागी चौकोन दिसत असतील तर प्रश्न फॉन्टचा आहे. 'फॉन्ट्स-देवा' हे पॅकेज घेतलं की सुटतो.

झेडरॅम आणि ब्राउझर

एवढं करूनही 'अव्हेलेबल' तळाला जात असेल तर झेडरॅम टाका. हा रॅममध्येच एक दाबून भरलेला स्वॅप तयार करतो, त्यामुळे डिस्ककडे धाव घेण्याची वेळ कमी येते. उबुंटूवर 'झेडरॅम-कॉन्फिग' पॅकेज टाकून लॅपटॉप पुन्हा सुरू केला की काम झालं. डेबियनवर 'झेडरॅम-टूल्स'. फेडोरात २०२०च्या ३३व्या आवृत्तीपासून हे मुळातच चालू असतं. डिस्कवरचा जुना स्वॅप काढू नका, तो शेवटचा आधार म्हणून राहू द्या. दाबण्या-उघडण्याचं काम प्रोसेसर करतो, पण फिरत्या डिस्कच्या तुलनेत तो खर्च नगण्य आहे.

ब्राउझरमध्ये मेनूतल्या 'मोअर टूल्स'मध्ये 'टास्क मॅनेजर' असतो, फायरफॉक्समध्येही आणि क्रोममध्येही. तो उघडून कोणती टॅब किती रॅम खाते ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. बऱ्याचदा एकच टॅब किंवा एकच एक्स्टेन्शन निम्मी रॅम अडवून बसलेलं सापडतं. युब्लॉक ओरिजिनसारखा जाहिराती अडवणारा एक्स्टेन्शन स्वतः थोडी रॅम घेतो, पण जाहिरातींच्या पानांवर त्याहून जास्त वाचवतो.

एक्सएफसीईने भागणार नाही तेव्हा

'व्हीएमस्टॅट'मध्ये दोष डिस्कचा निघाला असेल, तर खर्च करायची जागा डिस्क आहे. अडीच इंची साटा एसएसडी जवळजवळ प्रत्येक जुन्या लॅपटॉपमध्ये बसते. माझं स्पष्ट मत आहे की फिरती डिस्क आणि एक्सएफसीई यापेक्षा एसएसडी आणि ग्नोम ही जोडी जास्त वापरण्यासारखी असते. दोन्ही करता आलं तर उत्तमच. रॅमचा रिकामा खाचा असेल तर ४ची ८ जीबी करा, आधी खाली कव्हरवरच्या मॉडेल क्रमांकावरून कोणत्या प्रकारची रॅम लागते ते बघून. आणि लॅपटॉप थंड असताना चपळ, अर्ध्या तासाने मंद असं होत असेल, तर पंख्यातली धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट तपासून घ्या. तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो.

ग्नोम काढून टाकताना

दोन-तीन आठवडे एक्सएफसीई व्यवस्थित चालल्याशिवाय ग्नोम काढू नका. न वापरलेला ग्नोम डिस्कवर जागा घेतो, वर सांगितलेल्या गोष्टी बंद केल्या असतील तर रॅम घेत नाही. जागेसाठी काढायचाच असेल, तर नावात 'ग्नोम' दिसलं म्हणून उडवत सुटू नका. 'नेटवर्क-मॅनेजर-ग्नोम' या पॅकेजमधूनच एक्सएफसीईच्या पट्टीतलं वायफायचं चिन्ह येतं, आणि 'ग्नोम-कीरिंग' वायफायचे व क्रोमसारख्या ब्राउझरचे पासवर्ड सांभाळतं. ही दोन गेली की दर वेळी पासवर्ड विचारला जातो, किंवा नेटच जोडता येत नाही. मग दुरुस्तीचं पॅकेज उतरवायलाही नेट नसतं. म्हणून आधी 'सुडो एपीटी-मार्क मॅन्युअल' या कमांडपुढे या दोन्हींची नावं आणि 'जीव्हीएफएस', 'लाईटडीएम', 'एक्सएफसीई४' ही नावं द्या, म्हणजे 'ऑटोरिमूव्ह' त्यांना हात लावणार नाही. मग 'सुडो एपीटी रिमूव्ह ग्नोम-शेल' द्या. काढल्या जाणाऱ्या पॅकेजांची यादी वर येईल, ती शेवटपर्यंत वाचा. वरच्यापैकी एक जरी नाव त्यात असेल तर एन दाबून बाहेर या. नसेल तर वाय दाबा.